दोन बॅटऱ्या आणि एक खिंड

नदीकाठची वाट संपून तंबू ठोकेपर्यंत नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याची बॅटरी लाल झाली होती. दिवसभरात फोटो मोजकेच, व्हिडिओ तर एकही नाही. पुस्तिकेत एका चार्जिंगवर तीनशेच्या वर फोटो निघतील असं छापलेलं. पुढे खिंड ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत वीज मिळणार नव्हती. होती ती एक पॉवर बँक आणि त्याच कंपनीची दुसरी बॅटरी.

सोबतचे म्हणाले, बॅटरी खराब निघाली. पण दुसरी घातली तर तीही तेवढ्याच वेगाने उतरली. दोन नव्या बॅटऱ्या एकदमच, सारख्याच खराब निघाव्यात हे पटेना. मग शोध कॅमेऱ्यातच घ्यायचा.

आधी त्या छापील आकड्याबद्दल. सीआयपीए या जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीतून तो येतो. चाचणी 23 अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि फोटो साधारण दर 30 सेकंदांनी काढले जातात. डोंगरात असं कोण काढतं? शिखरावरचा ढग सरकेल म्हणून आपण कॅमेरा चालू ठेवून उभे राहतो आणि बऱ्याच वेळाने एक फोटो काढतो. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला भिंगातून थेट दिसतं, त्यामुळे त्या वाट बघण्याला फारशी वीज लागत नाही. मिररलेसमध्ये मात्र तेवढा वेळ सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा सगळे राबत असतात. म्हणून मी फोटो मोजणं सोडलं आणि कॅमेरा किती वेळ जागा असतो ते बघायला लागले.

पहिला सुगावा रात्री लागला. पॉवर बँकवर दोन्ही बॅटऱ्या भरल्या. एक बंद कॅमेऱ्यात ठेवली, दुसरी बाहेर काढून शेजारी, त्याच पिशवीत. पहाटे बाहेरची पूर्ण भरलेली, आतली बरीच उतरलेली. थंडी दोघींना सारखीच होती, म्हणजे बंद असतानाही कॅमेरा काहीतरी करत होता. मेनूत खोल गेल्यावर सापडलं: कॅमेरा बंद असतानाही ब्लूटूथवरून फोनशी जोडलेला राहील, अशी सोय सुरू होती. ती बंद केली, एअरप्लेन मोड लावला आणि रात्रीची गळती थांबली.

दिवसाची गळती मात्र चालूच. चढावर धाप टाकत थांबले असताना छातीवर लटकलेल्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं, तर व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, काचेतून जॅकेटवर उजेडाचा बारीक ठिपका पडला होता. व्ह्यूफाइंडरपाशी एक छोटा सेन्सर असतो. काही जवळ आलं की डोळाच आला असं समजून तो आतला पडदा उजळतो. जॅकेट दिवसभर त्याच्यासमोर घासत होतं आणि कॅमेरा झोपतच नव्हता. तो सेन्सर बंद करून पडदा बटणाने बदलायचा ठरवला. शटर न दाबताही सतत फोकस करत राहण्याची सोय काढली, आणि आपोआप बंद होण्याची वेळ एक मिनिटावर आणली. सर्वांत मोठा फरक याच टप्प्यावर पडला, असं माझं मत आहे.

खिंडीखालच्या बर्फात पहाटे पुन्हा कॅमेरा बंद पडला, निम्म्याहून जास्त चार्ज दाखवत असताना! हे दुखणं वेगळं होतं. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेऱ्याने वीज ओढली की व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा तिला संपलेली समजतो. वीज आत असतेच. मी ती काढून अंगालगतच्या खिशात टाकली आणि तिथली उबदार बॅटरी आत घातली. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत पहिली पुन्हा चालायला लागली होती. पुढे दोघींची अशीच अदलाबदल करत पलीकडची हिमनदी आणि तिच्या टोकाचं हिरवं तळं मनासारखं टिपता आलं.

शून्याखाली गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र लावू नका. त्याने आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि तिची क्षमता कायमची घटते. आधी तिला ऊब येऊ द्यावी, मगच पॉवर बँकला जोडावी.