आयपी कॅमेऱ्यांची निवड: हव्या असलेल्या चित्रापासून उलटा हिशेब

आयपी कॅमेऱ्यांची, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांची, यंत्रणा बसवायचे ठरले की चर्चा बहुतेक वेळा कॅमेऱ्यापासून सुरू होते. किती मेगापिक्सेलचा घ्यावा, कोणत्या कंपनीचा घ्यावा, घुमटाच्या आकाराचा डोम बरा की नळीसारखा बुलेट बरा. मग त्यासोबत मिळेल तो रेकॉर्डर, रेकॉर्डरमध्ये असेल ते सॉफ्टवेअर आणि सगळ्या केबल एकत्र जोडायला हाताशी असेल तो स्विच, अशी सगळी यंत्रणा उभी राहते. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. एखादी घटना घडल्यानंतर पडद्यावर जे चित्र थांबवून पाहावे लागणार आहे, त्यात काय दिसले पाहिजे हे सर्वांत आधी ठरवावे. त्यावरून लेन्स ठरते, लेन्सवरून कॅमेरा ठरतो, आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवण्याआधी ते चित्र साठवून ठेवणारे व नेमक्या वेळी शोधून देणारे सॉफ्टवेअर ठरलेले असावे लागते.

चित्रात काय दिसावे, याचे मोजमाप उपलब्ध आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत समोरच्या दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे किती पिक्सेल हवेत याच्या पायऱ्या दिल्या होत्या, आणि मी त्याच वापरतो. कोणीतरी आले आहे एवढेच कळायला २५ पिक्सेल पुरतात, परिचयाचा माणूस ओळखायला १२५ लागतात, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची असेल तर २५० लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. त्याला २५० ने भागले की ७.६८ मीटर येतात, म्हणजे दृश्य याहून रुंद झाले तर त्या कॅमेऱ्याकडून खात्रीच्या ओळखीची अपेक्षा ठेवता येत नाही.

आता लेन्स पाहा. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची रुंदी साधारण ५.४ मिलिमीटर आणि लेन्स २.८ मिलिमीटरची (हे तिचे नाभीय अंतर; ते जितके कमी तितके दृश्य रुंद) असेल, तर दृश्याची रुंदी अंतराच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ती ७.६८ मीटरची मर्यादा अवघ्या चार मीटरवरच गाठली जाते. फाटक दहा मीटरवर असेल तर तिथे उभा असलेला माणूस दिसेल, त्याच्या कपड्यांचा रंगही कळेल, पण चेहरा पटणार नाही. त्याच जागी १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर हे अंतर सतरा मीटरपर्यंत जाते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण रुंद कोनाच्या लेन्समध्ये कडेचे चित्र ताणले जाते, परंतु निर्णय घेण्यासाठी तो पुरेसा आहे. उलट लेन्स तीच ठेवून दोनऐवजी आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर पिक्सेल चौपट होऊनही अंतर फक्त दुप्पट, म्हणजे आठ मीटर होते. म्हणूनच जास्त मेगापिक्सेलच्या मागे लागण्यापेक्षा एका जागी दोन साधे कॅमेरे लावणे मला अधिक योग्य वाटते: एक सगळा परिसर दाखवणारा, आणि दुसरा ज्या अरुंद वाटेवरून प्रत्येकाला जावेच लागते त्या वाटेवर रोखलेला. हा दुसरा कॅमेरा फार उंच लावू नये. छताजवळून टोप्या आणि डोक्याचे केस उत्तम टिपले जातात, चेहरे मात्र निसटतात.

दिवसा जवळजवळ कोणताही कॅमेरा चांगलाच दिसतो, म्हणून परीक्षा रात्रीच्या चित्राची घ्यावी. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि चित्र उजळ दिसू लागते. स्थिर भिंत, दार, उभी असलेली गाडी हे सगळे त्यात सुरेख दिसते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. परंतु चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढे जातो. शटर १/२५ सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटरहून अधिक सरकलेला असतो, आणि मीटरला २५० पिक्सेल या प्रमाणात तो चेहरा १४ पिक्सेल फरफटलेला असतो. डोळे, नाक, ओठ सगळे एकमेकांत मिसळतात. शटर १/१०० वर बांधून ठेवले तर हीच फरफट साडेतीन पिक्सेलवर येते. म्हणून कॅमेरा घेताना शटरची कमाल मर्यादा आपल्याला ठरवता येते का, हे आवर्जून पाहावे, आणि ती मर्यादा घातल्यावर उजेड कमी पडला तर दिवा वाढवावा. सेन्सरच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. १/२.८ इंचाच्या सेन्सरवर आठ मेगापिक्सेल दाटीवाटीने बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. रात्रीच्या कामासाठी १/१.८ इंचाच्या सेन्सरवरचे चार मेगापिक्सेल मी अधिक पसंत करतो, मग जाहिरातीतला आकडा लहान दिसला तरी हरकत नाही.

कॅमेऱ्याला अंधारात दिसावे म्हणून असलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांबाबत एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब पल्ल्याचे असतात, पण त्यांचा मंद लाल ठिपका अंधारात दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी पडतो. हे दिवे कॅमेऱ्यातच, लेन्सला चिकटून असले की तिथे किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि त्या जाळ्याचा प्रत्येक धागा रात्री लेन्ससमोर पांढरा शुभ्र चमकतो. वाऱ्याने धागा हलला की हालचाल ओळखणारे सॉफ्टवेअर रात्रभर सूचना पाठवत राहते. शक्य असेल तिथे दिवा कॅमेऱ्यापासून थोडा दूर, वेगळा बसवावा. बाहेरच्या कॅमेऱ्याला धूळ-पाण्यापासून बचावाचे आयपी६६ किंवा आयपी६७, आणि हात पोहोचेल अशा जागी आघात सोसण्याचे आयके१० एवढी मानांकने असली म्हणजे झाले.

आता सॉफ्टवेअरकडे वळतो, कारण रोजचा संबंध त्याच्याशीच येतो. कॅमेरा एका कंपनीचा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचे असे चालावे, यासाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही संस्था स्थापन केली. तिने कामानुसार नियमांचे संच, म्हणजे प्रोफाइल, ठरवले आहेत: प्रोफाइल एस मूळ चित्रप्रवाहासाठी आहे, प्रोफाइल टी मध्ये एच.२६५ या व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीसारख्या पुढच्या सोयी येतात, प्रोफाइल जी रेकॉर्डिंगसाठी आणि प्रोफाइल एम विश्लेषणातून निघणाऱ्या माहितीसाठी आहे. खोक्यावर नुसते ऑनव्हिफ छापलेले असणे पुरेसे नाही. नेमके मॉडेल संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, आणि कोणत्या प्रोफाइलखाली आहे, हे तपासावे. तेवढे करूनही कॅमेऱ्याची सगळी वैशिष्ट्ये दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरतीलच असे नाही. चित्र येते, पण कॅमेऱ्याने स्वतः ओळखलेला माणूस किंवा ओलांडलेली रेषा ही सूचना पोहोचत नाही, असे पुष्कळदा होते.

पर्याय भरपूर आहेत. चार-आठ कॅमेऱ्यांसाठी आणि फारशी उठाठेव नको असेल तर तयार एनव्हीआर, म्हणजे सॉफ्टवेअरसह येणारा रेकॉर्डर, चांगला, मात्र त्याच्याबरोबर आपण त्या कंपनीच्या कुंपणात शिरतो, याचे भान असावे. मोठ्या यंत्रणेसाठी माइलस्टोन एक्सप्रोटेक्ट किंवा जेनेटेक यांसारखी व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत. विंडोजवर चालणारे ब्लू आयरिस लहान यंत्रणांमध्ये लोकप्रिय आहे. मुक्त स्रोत (ओपन सोर्स) हवे असेल तर लिनक्सवर चालणारे झोनमाइंडर हा जुना पर्याय आहे, आणि फ्रिगेट हा नवा, जो माणूस किंवा वाहन ओळखण्याचे काम बाहेरच्या सर्व्हरकडे न पाठवता आपल्याच संगणकावर करतो. परवान्याची आकारणी कॅमेऱ्यामागे आहे का, आणि सुधारित आवृत्त्यांसाठी दरवर्षी पुन्हा पैसे भरावे लागतात का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

यातले कोणते चांगले, हे ठरवताना मी सगळ्या कॅमेऱ्यांच्या थेट चित्रांची पडद्यावरची जाळी पाहत नाही, कारण ती सगळ्यांचीच छान दिसते. मी शोध पाहतो. मंगळवारी दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान त्या दारातून काय बाहेर गेले, हा प्रश्न घेऊन बसावे आणि उत्तरापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहावे. कालपट्टी सरकवताना चित्र अडखळते का, चौकटीचा एखादा भाग आखून फक्त तिथली हालचाल शोधता येते का, चार कॅमेरे एकाच वेळेवर जुळवून मागे-पुढे नेता येतात का. जे सॉफ्टवेअर यात कमी पडते त्याचे बाकीचे सारे गुण मला दुय्यम वाटतात.

त्या सॉफ्टवेअरसाठी संगणक किती ताकदीचा हवा, हे तो चित्र नुसते साठवणार आहे की उलगडूनही (डीकोड करूनही) पाहणार आहे यावर अवलंबून असते. आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिणे हलके काम आहे. हालचाल शोधण्यासाठी सोळा कॅमेऱ्यांचा मुख्य प्रवाह सतत उलगडत राहणे हे मात्र जड काम आहे. म्हणून मुख्य प्रवाह साठवणीसाठी आणि लहान आकाराचा दुय्यम प्रवाह विश्लेषणासाठी व थेट पाहण्यासाठी, अशी विभागणी करता येणारे सॉफ्टवेअर घ्यावे, आणि प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडण्याचे स्वतंत्र हार्डवेअर आहे ना, तेही पाहावे. एच.२६५ जागा वाचवते, पण सगळे ब्राउझर ते सारख्याच सहजतेने दाखवत नाहीत. शिवाय कंपन्यांच्या खास जागा-बचाव पद्धतींमध्ये पूर्ण चौकटींमधले (संपूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेममधले) अंतर वाढत जाते, आणि मग दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मागे-पुढे जाताना चित्र उड्या मारू लागते. सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीचे असेल तर या पद्धती बंदच ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ४ मेगाबिटचा एक प्रवाह दिवसाला ४३.२ गिगाबाइट जागा घेतो. असे सोळा कॅमेरे तीस दिवस ठेवायचे तर सुमारे २०.७ टेराबाइट लागतात. रात्री चित्रात दाणे वाढतात आणि त्यासोबत प्रवाहही वाढतो, म्हणून वर काही जागा राखावी किंवा प्रवाहाला कमाल मर्यादा घालावी. सेकंदाला १२ ते १५ चौकटी बहुतेक कामांना पुरतात. डिस्क चोवीस तास लेखनासाठी बनवलेली, निरीक्षणाच्या कामाचीच असावी.

स्विच ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) मध्ये स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत एकाच केबलमधून माहिती आणि वीज दोन्ही जातात. ८०२.३एएफ मानकानुसार स्विचच्या एका पोर्टवर, म्हणजे केबल जोडायच्या खाचेवर, १५.४ वॅट आणि ८०२.३एटी नुसार ३० वॅट मिळू शकतात. परंतु प्रत्येक पोर्टची क्षमता आणि संपूर्ण स्विचची एकूण क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ पोर्टच्या स्विचची एकूण क्षमता ६० वॅट असू शकते. दिवसा प्रत्येक कॅमेरा पाच वॅट घेत असेल तर ४० वॅटमध्ये सगळे सुरळीत चालते. संध्याकाळी अवरक्त दिवे लागतात, प्रत्येकाची गरज नऊ वॅटवर जाते, बेरीज ७२ होते आणि एखादा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो. दिवसा तपासणीला आलेल्या माणसाला यात काहीच दोष सापडत नाही. म्हणून बेरीज रात्रीच्या आकड्यांची करावी. केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलमध्ये लांब अंतरावर विजेचा दाब घटतो. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकावे, म्हणजे विजांच्या दिवसांत एका बाजूचा झटका दुसऱ्या बाजूला जात नाही. स्विच आणि रेकॉर्डर दोन्ही यूपीएसवर असावेत.

सुरक्षेबाबत मला तडजोड मान्य नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील असंख्य आयपी कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याला कारखान्यातून आलेल्या, कोणीही न बदललेल्या साठ-एक नाव-पासवर्ड जोड्यांपलीकडे फारसे काही लागले नाही. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवावेत, त्यांना इंटरनेटवर जाऊ देऊ नये, राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून बघण्याची सोय करू नये; बाहेरून पाहायचे असेल तर व्हीपीएन, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरण्याचा कूटबद्ध खासगी मार्ग, वापरावे. मात्र इंटरनेट बंद केले की कॅमेऱ्यांची घड्याळे हळूहळू सरकू लागतात, म्हणून आतल्याच एखाद्या यंत्रावर घड्याळे जुळवणारी एनटीपी सेवा चालू ठेवणे आवश्यक ठरते. मॉडेलला सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार, हे कंपनी लेखी सांगत नसेल तर तो कॅमेरा मी यादीतून काढून टाकतो.

सगळे एकदम घेण्याआधी ठरवलेल्या मॉडेलचा एकच कॅमेरा आणावा, सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती लावावी आणि कॅमेरा खऱ्या जागी, खऱ्या उंचीवर तात्पुरता बांधावा. रात्री एखाद्याला नेहमीच्या वेगाने त्या वाटेवरून चालायला सांगावे. दुसऱ्या दिवशी ते चित्रण शोधून बाहेर काढावे, सॉफ्टवेअर नसलेल्या वेगळ्या संगणकावर उघडून पाहावे, चेहरा पटतो का आणि चित्रावरची वेळ घड्याळाशी जुळते का ते तपासावे, आणि मगच उरलेल्या कॅमेऱ्यांची मागणी नोंदवावी.