एरर १९० आणि त्यामागचा ४६०

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याचं ॲप रोज सकाळी नव्या डिझाइनचा फोटो, माप आणि भाव त्यांच्या फेसबुक पेजवर टाकतं. गड्ड्याची यात्रा, म्हणजे तिथली सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर आली आणि नेमक्या त्याच दिवसांत पोस्ट जायची थांबली. लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत) एकच ओळ: ओऑथ एक्सेप्शन, म्हणजे फेसबुकनं ॲपची ओळख नाकारली, कोड १९०.

१९० दिसला की बहुतेक जण लगेच नवीन टोकन, म्हणजे ॲपला पेजवर पोस्ट करू देणारी फेसबुकची डिजिटल चावी, काढतात. त्यानं पोस्ट सुरू होते, पण कारण सापडत नाही. १९० एवढंच सांगतो की टोकन चालत नाही. का चालत नाही ते सबकोडमध्ये, म्हणजे सोबतच्या पोटक्रमांकात असतं. ४६३ म्हणजे मुदत संपली, ४५८ म्हणजे माणसानं ॲपची परवानगी काढून घेतली, ४६० म्हणजे पासवर्ड बदलला किंवा सुरक्षेसाठी सेशन रद्द झालं. लॉगमध्ये सबकोड उतरतच नव्हता. फेसबुकच्या उत्तराचा पूर्ण जेसन (कच्चा मजकूर) छापून घेतला, तर ४६०.

खात्रीसाठी तेच टोकन फेसबुकच्या टोकन तपासणाऱ्या डीबगरमध्ये टाकलं. मुदत 'कधीच नाही' आणि तरीही अवैध! कारखान्यात फोन लावला तर मालक म्हणाले, "पासवर्ड कालच बदलला की. जुना मुलगा काम सोडून गेला ना."

पासवर्ड बदलला हे योग्यच केलं. अडचण टोकनच्या मुळाशी होती. पेजचं टोकन माणसाच्या टोकनातून निघतं. माणसाचं टोकन ६० दिवसांचं करून घेतलं की त्यातून निघणाऱ्या पेज टोकनला मुदत नसते, पण त्याची नाळ त्या माणसाच्या लॉगिनशीच राहते. मुदत नाही म्हणजे मरण नाही, असं नव्हे.

तोवर त्यांच्या ऑफिसातल्या एकानं ग्राफ एपीआय एक्सप्लोररमधून (फेसबुकच्या चाचणीच्या पानावरून) टोकन काढून चिकटवलं होतं. ते थोडा वेळ चाललं आणि ४६३ देऊन पडलं. तिथलं टोकन तास-दोन तासांचंच असतं.

पक्का उपाय म्हणजे सिस्टीम यूजर, कुणा माणसाचं नसलेलं, व्यवसायाच्या नावाचं खातं. बिझनेस सेटिंग्जमध्ये तो तयार केला, पेज आणि ॲप दोन्ही त्याच्या नावे जोडले. पेज जोडायचं राहिलं, तर टोकन वैध दिसूनही पोस्ट जात नाही. मग 'पेजेस मॅनेज पोस्ट्स', 'पेजेस रीड एंगेजमेंट' आणि 'पेजेस शो लिस्ट' या परवानग्यांसह टोकन काढलं आणि 'मी/अकाउंट्स' या एपीआय पत्त्याला विचारून पेजचं टोकन घेतलं. आता कोणी नोकरी सोडो, पासवर्ड बदलो, त्याच्याशी या टोकनाचा संबंध नाही.

नवीन टोकन टाकल्यावर मात्र कोड १०० आला: ॲप-सीक्रेट-प्रूफ चुकीचा. हा प्रूफ म्हणजे ॲप सीक्रेटची (ॲपच्या गुप्त संकेताची) किल्ली वापरून काढलेला टोकनचा एचमॅक-एसएचए-२५६ हॅश, म्हणजे टोकनचा गणिती ठसा. कॉन्फिग फाइलमध्ये टोकनच्या शेवटी चिकटवताना एक नवी ओळ आली होती. डोळ्याला दिसत नाही, पण हॅश पूर्ण बदलतो. फाइल वाचताना ट्रिम लावलं, म्हणजे टोकांची रिकामी जागा छाटली. रांगेतल्या पोस्ट पाठवणारा वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) जुनं टोकन मेमरीत धरून बसला होता, म्हणून तोही रीस्टार्ट केला आणि अडकलेल्या पोस्ट ओळीनं गेल्या.

आता रोज पहाटे एक छोटं जॉब (आपोआप चालणारं काम) फेसबुकच्या 'डीबग टोकन' तपासणीला विचारतं. वैधता, परवानग्या किंवा मुदत यांत काही बदललं, तर पोस्टच्या वेळेआधी मालकांच्या आणि आमच्या फोनवर मेसेज येतो, सबकोडसकट.