दंडाच्या पावत्यांची पिशवी

सकाळी साडेनऊला मावशींचा फोन आला, "वकीलताई, गाडी उचलली ओ," आणि पुढं नुसतं रडणं. तशीच अतिक्रमणवाल्यांच्या गोडाऊनला पोचले. पत्र्याच्या शेडमध्ये हातगाड्या एकावर एक रचलेल्या, मावशींची तळाला, मेथीच्या जुड्यांनी उन्हात मान टाकलेली. जप्तीची यादी मागितली तर क्लार्क म्हणे यादी नंतर, आधी दंड भरा, माल आठवड्याने न्या. आठवड्याने मेथीचं काय उरतं?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याची प्रत माझ्या बॅगेत कायम असते. कलम १९ त्याच्यासमोर धरलं. यादी सहीनिशी द्यायची, नाशवंत माल मागितला त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. आणि मुळात कलम ३ प्रमाणे विक्रेत्यांचा सर्व्हे होऊन सगळ्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवताच येत नाही, इथं तर सर्व्हेच अर्धवट. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिले, संध्याकाळी भाजी सुटली, निम्मी टाकून द्यावी लागली.

पण महिन्याभरात तीच गाडी परत उचलली जाणार हे दिसत होतं, कारण तो रस्ताच ना-फेरीवाला क्षेत्र करायचा घाट चालला होता. मग कोर्टात कितीदा जायचं?

वकीलपत्रावर सही करायला आल्या तेव्हा मावशींनी एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, खाली मान घालूनच दिली. आत सतरा वर्षांच्या दंडाच्या पावत्या, काही इतक्या विटलेल्या की शिक्का तेवढा वाचता येत होता. त्यांना वाटत होतं हे बघून केस बिघडेल. मी ऑफिसच्या फरशीवर वर्षवार मांडत गेले आणि माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येकीवर तारीख, रस्त्याचं नाव, पालिकेचाच शिक्का! इथं बाजार कधीपासून भरतोय याचा यापेक्षा पक्का पुरावा कुठला? कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्पष्ट आहे, आधीपासूनचा बाजार किंवा सर्व्हेत सापडलेला नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते नि गिऱ्हाईकं पूर्वापार जमतात ती जागा, ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. मात्र नैसर्गिक बाजार ठरतो तो नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवर, म्हणजे लढाई तिथं.

मग आम्ही गल्लीतल्या बाकीच्यांच्याही पावत्या गोळा केल्या, झेरॉक्स काढल्या, तक्ता केला. समितीत निदान ४० टक्के सभासद निवडून आलेले विक्रेते असतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका, हे कलम मला फार मोलाचं वाटतं, कारण बैठकीत तो तक्ता मी नाही, फुलं विकणाऱ्या एका ताईंनी वाचला. आधी आवाज कापत होता, तिसऱ्या वर्षाला आल्या तशा सरळ बसल्या. ट्रॅफिकवाले गर्दीचं बोलत राहिले, ते खोटं नव्हतं, म्हणून गाड्या एकाच बाजूला लावायचं विक्रेत्यांनी आपणहून कबूल केलं.

शिफारस इतिवृत्तात आली. पालिकेची मंजुरी अजून बाकी आहे, केसही चालूय. मावशी मूळ पावत्या परत न्यायला आल्या तेव्हा मी त्या नंबर टाकून फाईलला लावून दिल्या, पिशवी मात्र त्यांनी तीच ठेवली.