तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा चांगला की नुसता विषय चांगला?

"सामाजिक विषयावरचा सिनेमा आवडतो, पण तो सिनेमा म्हणून आवडला की विषय महत्त्वाचा म्हणून, हेच कळत नाही. तुम्ही कसं ठरवता?" असा एखादा चित्रपट गाजायला लागला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

माझं पहिलं सांगणं असं की विषयाला मार्क देऊ नका. जात, हुंडा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय मोठेच आहेत, दिग्दर्शकाने ते मोठे केलेले नाहीत. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि आवाज कोणाचा ऐकवायचा, हे मात्र त्याने ठरवलेलं असतं. तपासायचं ते तेवढंच.

पहिल्यांदा बघताना काहीच लिहू नका, सिनेमाला तुमच्यावर काम करू द्या. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि पानावर तीन रकाने आखा. प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो, निर्णय कोण घेतं, आणि प्रसंग संपताना कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर असतो. ओटीटीवर बघत असाल तर शेजारी मिनिटंही टिपा. वीसेक प्रसंग झाले की रकाने बोलायला लागतात. ज्याच्यावर अन्याय होतोय तो पहिल्या दोन रकान्यांत जवळजवळ नाही आणि तिसऱ्यात मात्र सारखा आहे, असं दिसलं तर समजा की त्याचं दुःख दाखवायला घेतलंय, त्याची नजर घेतलेली नाही.

'आर्टिकल 15' (2019) या तक्त्यात मांडून बघा. बहुतेक प्रसंग बाहेरून बदलून आलेल्या ब्राह्मण पोलीस अधिकाऱ्याबरोबर चालतात. दलित तरुणांचा पुढारी निषाद मध्येच मारला जातो. संविधानातलं भेदभावाला मनाई करणारं पंधरावं कलम छापून फलकावर लावतो तोही अधिकारीच. सिनेमा प्रामाणिक आहे, पकडही सोडत नाही. पण गावातली माणसं त्यात वाट बघत राहतात, कोणीतरी येऊन न्याय द्यायची. हे एका बघण्यात लक्षात येत नाही, कारण आपली सहानुभूती खरी असते आणि तीच डोळ्यांवर येते.

याच्या उलट 'फॅन्ड्री' घ्या. कैकाडी भाषेत फॅन्ड्री म्हणजे डुक्कर. नायक जब्या हा शाळकरी मुलगा, त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायचं काम मिळालंय आणि गाव मजा बघायला जमलंय. डुक्कर आवाक्यात येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, घरचे थबकतात, आणि डुक्कर निघून जातं. मग पकडलेलं डुक्कर बांधून, उचलून नेताना मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर रंगवलेले आहेत. कोणीही एक वाक्य बोलत नाही. या जागी एखादं भाषण टाकलं असतं तर प्रसंग तिथेच मेला असता. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो, आणि इतका वेळ आपण गावाच्या गर्दीत उभे होतो हे तेव्हा कळतं. याला मी कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळणं म्हणते.

दुसरी कसोटी आवाजाची. सगळ्यात रडवणारा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून परत पाहा. नुसत्या चित्रावर तो उभा राहत नसेल, तर तुम्हाला व्हायोलिनने रडवलंय. 'सैराट'च्या (2016) शेवटी दिग्दर्शकाने हे स्वतःच करून ठेवलंय. आवाज काढून घेतलाय, आणि लहान मुलाची पावलं रक्तात उमटत बाहेर जातात. तिथे पार्श्वसंगीत असतं तर काय वाटायचं ते त्याने सांगितलं असतं. ते नाही, म्हणून आपलं आपल्याला सोसावं लागतं. याच कथेचा हिंदी अवतार, 'धडक' (2018), उदयपूरला गेला आणि जात जवळपास घराण्यांच्या वैरात विरून गेली. गाण्यांच्या चाली नेता आल्या, गावाची उतरंड नेता आली नाही. दोन्ही पाठोपाठ पाहा, शंभर लेख वाचण्यापेक्षा जास्त कळेल.

आता सिनेमाबाहेरचं काम, जे बहुतेक जण टाळतात. ज्या प्रश्नावर सिनेमा आहे त्याचा कायदा काढून वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी असेल तर हे केलंच पाहिजे, कारण त्या पाटीखाली चार घटनांची एक केलेली असू शकते आणि सोयीचा शेवटही बसवलेला असू शकतो.

उदाहरणार्थ 'कोर्ट'. 2014 चा हा चित्रपट वृद्ध शाहीर नारायण कांबळेंवरच्या खटल्याचा आहे. त्यांचं गाणं ऐकून एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कामगाराची बायको साक्षीत सांगते, की उतरण्याआधी तो आत खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली म्हणजे आत हवा आहे. ती हे सपाट आवाजात सांगते, रोजचं काम सांगावं तसं.

या साक्षीनंतर कायदा वाचा. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात उतरवणं हाच गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये सांगितलं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हे माहीत असलं की आरोपी म्हणून शाहीर उभा आहे आणि कामगाराला खाली पाठवणारा खटल्यात कुठेच नाही, हे अंगावर येतं. सिनेमा ते ओरडून सांगत नाही. तुम्हाला माहीत असावं लागतं.

कादंबरीवरचा चित्रपट असेल तर पुस्तक आधी की सिनेमा, असंही विचारतात. मी म्हणते सिनेमा आधी, मग पुस्तक, आणि मग एखादंच प्रकरण त्याच्या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. काय गाळलं यापेक्षा मनातला विचार पडद्यावर कशाने दाखवला, ते शोधा. 'सिंहासन' (1979) दोन कादंबऱ्या एकत्र करून झालाय, तिथे काय काय गाळलं ते मोजत बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

आणि 'कोर्ट' बघायला बसलात तर एक सांगून ठेवते. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारा होतो. सिनेमा संपला असं वाटून उठू नका. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले आहेत, तो प्रसंग पूर्ण पाहा आणि वहीतल्या तिसऱ्या रकान्यात कोणाचं नाव लिहाल ते ठरवा.