दीड वाजताचा डबा

आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या वेळापत्रकात दुपारी दीड वाजता जेवणाची सुट्टी लिहिलेली आहे. कित्येक वर्षे मी त्या वेळी डबा उघडला नाही. एखादा रुग्ण पहाटेची एसटी पकडून आलेला असे, त्याला "उद्या या" म्हणणे जिवावर येई, आणि मग तीन वाजता गार पोळीभाजी उभ्याउभ्याच संपवून मी पुढच्या वर्गाला जात असे. याचा मला मनातून अभिमान वाटत असे.

तो अभिमान एका इंटर्नमुळे गळून पडला. ती उजव्या अंगठ्याला क्रेप बँडेज गुंडाळून रुग्णाच्या मणक्यांचे मोबिलायझेशन करत होती, म्हणजे हाताने दाब देऊन आखडलेले सांधे मोकळे करत होती. दिवसभर अंगठ्याने दाब देत राहिले की त्याच्या मुळाशी असलेला सांधा दुखू लागतो, हे आमच्या व्यवसायात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. ती दोन आठवडे दुखणे सोसत होती. "सांगितले का नाहीस?" असे मी विचारल्यावर तिने अगदी सरळपणे उत्तर दिले, "मॅडम, तुम्हीही कमरेला पट्टा लावूनच काम करता ना."

रुग्णाला उचलताना गुडघे कसे वाकवावेत, प्लिंथची, म्हणजे उपचाराच्या पलंगाची, उंची आधी कशी नीट करून घ्यावी, दुखऱ्या सांध्याला विश्रांती कधी द्यावी, हे सगळे मी तिला शिकवले होते आणि परीक्षेत तिने ते बिनचूक लिहिलेही होते. पण वॉर्डात ती मला पाहत होती, आणि जे पाहिले तेच तिने उचलले.

शरीराच्या दुखण्याचे जे झाले, तेच मनाच्याही बाबतीत होते, हे समजायला मला आणखी वेळ लागला. मी विद्यार्थिनी असताना न्यूरो वॉर्डात एका रुग्णाच्या मृत्यूनंतर माझ्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा मला शिकवणाऱ्या व्यक्तीने "रडायचे असेल तर घरी जाऊन रडा" असे सर्वांसमोर सुनावले होते. त्यानंतर मी वॉर्डात कधीही रडले नाही, आणि ती माझी परिपक्वता आहे असे समजत राहिले.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे झाडावरून पडलेला एक तरुण होता. पाठीच्या दहाव्या (थोरॅसिक) मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेली होती आणि कमरेखाली संवेदना नव्हती. एक इंटर्न त्याला व्हीलचेअरमध्ये बसून दोन्ही हातांवर अंग उचलायला शिकवत होता, म्हणजे बसण्याच्या जागेवरचा दाब थोड्याथोड्या वेळाने सुटेल आणि बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमा, होणार नाहीत. चौथ्यांदा अंग उचलल्यावर त्या तरुणाने विचारले, "सर, पावसाळ्यापर्यंत चालेन ना मी?" इंटर्नने "व्यायाम करत राहा" असे म्हटले, नोंद पूर्ण केली आणि तो जिन्यात जाऊन बसला. दोघेही साधारण एकाच वयाचे होते.

मी जिन्यात त्याच्याशेजारी बसले. काय बोलावे हे मला सुचत नव्हते, म्हणून खरे तेच सांगितले: माझे वडील पक्षाघाताने गेले, त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांच्या वयाचा रुग्ण समोर आला की माझे हात थंड पडत, आणि अखेरीस मी समुपदेशकाकडे गेले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटायचे, तुम्हाला काहीच होत नाही."

विद्यार्थ्यांना माझ्याविषयी असे वाटणे हे माझ्या शिकवण्यातले मोठे अपयश होते, असे मी आज मानते. मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आमच्या फलकावर लावलेला आहे. पण मी स्वतः समुपदेशन घेतले हे वर्गात सांगितल्यावरच दोन मुलींनी वेळ कशी घ्यायची असे मला येऊन विचारले.

या मोकळेपणाला मर्यादा आहे आणि ती मी कसोशीने पाळते. माझे दुःख विद्यार्थ्यांनी वाहायचे नाही आणि आमचे दुःख रुग्णाने तर मुळीच वाहायचे नाही. ज्या जखमेतून मी अजून सावरलेली नाही, ती मी विद्यार्थ्यांसमोर उघडत नाही. त्यासाठी माझी मैत्रीण आहे, समुपदेशक आहेत. शिवाय जो शिक्षक गुण देतो आणि लॉगबुकवर सही करतो, त्याच्यासमोर मन मोकळे करणे सोपे नसते. म्हणून आठवड्याच्या चर्चेत मी आधी माझा एखादा अवघड प्रसंग सांगते, कोणालाही बोलायची सक्ती करत नाही, आणि तिथे बोललेले मूल्यमापनात येणार नाही हे दर वेळी स्पष्ट करते.

जागतिक वैद्यकीय संघटनेने २०१७ मध्ये जिनिव्हा प्रतिज्ञेत, उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याची काळजी घेईन, अशा अर्थाचे वाक्य घातले. ती प्रतिज्ञा डॉक्टरांची आहे, तरी मी ती पहिल्या दिवशी इंटर्नना वाचून दाखवते. रुग्णांची रांग मोठी आणि हात अपुरे, ही अडचण त्या वाक्याने सुटत नाही. ती सोडवण्यासाठी जादा पदे हवीत, आणि तशी मागणी मी दरवर्षी लेखी करते.

जिन्यातल्या त्या दिवशी आम्ही त्या तरुणाला द्यायच्या उत्तराची दोनदा उजळणी केली. दुसऱ्या दिवशी इंटर्न त्याच्याजवळ स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "काल तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर मी टाळले. पावसाळ्यापर्यंत चालणे होईल असे मला वाटत नाही. व्हीलचेअरवरून तुम्ही काय काय करू शकाल, ते आपण आजपासून पाहू." तरुणाने तोंड फिरवले. इंटर्न उठला नाही, तिथेच बसून राहिला. दीड वाजला तेव्हा मी त्याला खुणेनेच जेवायला बोलावले आणि आम्ही टेबलाशी बसून डबे उघडले.