बांधावरचे रोहित्र आणि टेबलावरचे रोहित्र

आमच्या शेताच्या बांधावर ६३ केव्हीए क्षमतेचे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उभे आहे. गावात त्याला सगळे डीपीच म्हणतात. त्याच्या पहिल्या गुंडाळीत ११,००० व्होल्टची वीज शिरते, त्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे लोखंडी गाभ्यात सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तेच क्षेत्र कमी वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत ४३३ व्होल्टचा दाब निर्माण करते. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात, याचे मला आजही नवल वाटते. टाकीतले तेल उष्णता वाहून नेते आणि विद्युतरोधनही करते. बाजूच्या ब्रीदरमधील, म्हणजे टाकीत येणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतील, सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले, असे समजावे.

घरातल्या स्टॅबिलायझरमध्ये बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. १८० व्होल्टचे २२० करण्याइतकाच फरक भरून काढायचा असल्याने एकाच गुंडाळीवर मधूनच जोडणी (टॅप) काढून भागते आणि तांबे वाचते. परंतु त्यात वीज मूळ लाइनपासून अलग होत नाही, म्हणून दुरुस्तीच्या टेबलावर मी १:१ गुणोत्तराचा, म्हणजे दाब तोच ठेवून दोन वेगळ्या गुंडाळ्यांनी वीज अलग करणारा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच वापरतो.

करंट ट्रान्सफॉर्मरची तऱ्हा निराळी. तो २०० अँपिअरचे ५ अँपिअर करून मीटरला देतो; मात्र मुख्य तारेतून प्रवाह चालू असताना त्याची दुय्यम (मीटरकडची) बाजू उघडी राहिली, तर तेथे जीवघेणा दाब निर्माण होऊ शकतो. शिकाऊ असताना त्या बाजूची दोन्ही टोके आधी एकमेकांना जोडायला मी विसरलो होतो. स्क्रू सैल होताच टर्मिनलवर चटचट ठिणग्या उडाल्या.