आमची वाटचाल : सरावपुस्तकाच्या शोधात

2009 च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत फ्रेंचचा पहिला वर्ग भरला. सात विद्यार्थी, एक पांढरा फळा आणि माझ्याच वह्यांवरून काढलेल्या झेरॉक्स, एवढंच भांडवल. मी स्वतः रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, पुढे काही वर्षं भाषांतराचं काम केलं. शिकवायची ओढ मात्र पहिल्यापासून होती.

पहिल्या वर्षी व्याकरणाचे स्वाध्याय मी रात्री हातानं लिहायचे. मुलं वाढली तसे पालक विचारू लागले, "मॅडम, पुस्तक कोणतं घ्यायचं?" माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. अप्पा बळवंत चौकात चौकशी केली, इंग्रजीतून समजावलेलं एक जाडजूड सरावपुस्तक पसंत पडलं आणि मी एकदम 40 प्रती उचलल्या. त्या 40 प्रतींनी मला जे शिकवलं, त्यावर आमचा आजचा वर्ग उभा आहे.

ते पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. नामाप्रमाणे विशेषण बदलतं हे समजावण्यात त्यानं कितीतरी पानं घालवली होती. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणत वाढलेल्या मुलांना 'बाँ' आणि 'बॉन' यांतला फरक पंधरा मिनिटांत कळला. 'त्यु' आणि 'व्हू' यांचंही तसंच. एकट्या माणसालाही आदरानं अनेकवचनात 'तुम्ही' म्हणायचं, हे आपल्याकडे घरातच शिकतात.

मुलं अडली ती भलत्याच ठिकाणी. 'मी पाव खातो' या आपल्या वाक्यात पावाच्या आधी काहीच लागत नाही. फ्रेंचमध्ये तो ठरावीक पाव आहे, एक पाव आहे की थोडासा पाव आहे, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. 'ज मांज द्यु पँ' यातला 'द्यु' मुलांच्या वहीतून हमखास गळायचा. वाक्य नकारार्थी झालं की त्याच 'द्यु'चा नुसता 'द' होतो, ही आणखी एक पायरी. आणि या सगळ्याला त्या पुस्तकात जेमतेम अर्धं पान होतं! मराठीत उपपदं, म्हणजे इंग्रजीतल्या 'a', 'the' सारखे नामाआधी येणारे छोटे शब्द, नाहीत. आपल्या मुलांना सगळ्यात जास्त सराव तिथेच हवा.

इंग्रजीतून विचार करण्याची सवय लागली, हे दुसरं नुकसान. 'भूक लागली'साठी मुलं 'ज स्वी फँ' लिहायची, म्हणजे 'मी भूक आहे'. फ्रेंच माणूस 'माझ्याकडे भूक आहे' म्हणतो, 'जे फँ'. मराठीतून थेट आलेलं मूल 'मी भूक आहे' कधीच म्हणणार नाही. 'त्याची बहीण' आणि 'तिची बहीण' या दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच, 'सा सर'. इंग्रजीच्या वाटेनं गेलेलं मूल बहीण कुणाची ते बघतं आणि चुकतं. मी फळ्यावर 'त्याची', 'तिची' लिहून 'त्या' आणि 'ति' पुसून टाकते. उरलेला 'ची' बहिणीकडे बघतो, फ्रेंचला तेवढाच हवा असतो. हे एकदा बघितलेलं मूल पुन्हा सहसा चुकत नाही.

2013 मध्ये मी एक ठरवलं. पाच सरावपुस्तकं आणली आणि पेन्सिल घेऊन त्यांतली दोनच प्रकरणं स्वतः सोडवली, उपपदांचं आणि भूतकाळाचं. आजही कुठलंही नवं पुस्तक मी असंच तपासते. मुखपृष्ठ, प्रस्तावना, 'तीस दिवसांत फ्रेंच' अशी आश्वासनं यांवरून काही कळत नाही. डाव्या पानावर नियम आणि समोर उजव्या पानावर स्वाध्याय ही मांडणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. मूल अडलं की पान न उलटता नजर डावीकडे नेतं. शब्दांच्या यादीत नामं उपपदाशिवाय दिली असतील, तर ते पुस्तक मी तिथेच बाजूला ठेवते. आपल्याकडे चंद्र पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये 'ला ल्यून' स्त्रीलिंगी. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, तिकडे 'ल लिव्र' पुल्लिंगी. आपली तीन लिंगं आणि त्यांची दोन यांचा मेळ नियमानं बसत नाही. शब्द उपपदासकटच पाठ व्हायला हवा.

नुसत्या रिकाम्या जागा भरायला लावणाऱ्या पुस्तकांनीही आम्हाला फसवलं. दहापैकी नऊ जागा बरोबर भरणारी मुलगी डेल्फ ए-1 या फ्रेंचच्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेच्या तयारीत चाळीस शब्दांचं पोस्टकार्ड लिहिताना थांबून राहिली. त्या परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25 गुण, उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50, शिवाय प्रत्येक भागात किमान 5. म्हणून प्रकरणाच्या शेवटी स्वतःची वाक्यं लिहायला सांगणारं पुस्तकच मी निवडते. त्यासोबत ध्वनिफीत हवीच. 'बोलणे' या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्याबरोबरची चारही रूपं कानाला 'पार्ल' अशी एकसारखीच ऐकू येतात, पण लिहिताना शेपट्या तीन तऱ्हेच्या. कागदावरचा सराव हे लपवून ठेवतो.

छापल्याचं वर्षही बघा. जुन्या बाजारातल्या पुस्तकांत अजून फ्रँक या जुन्या चलनात भाव विचारले जातात. युरोच्या नोटा 2002 च्या जानेवारीत चलनात आल्या. तेवढ्यानं व्याकरण जुनं होत नाही, मी अशी पुस्तकं आनंदानं वापरते. पण 1990 च्या लेखनसुधारणेमुळे काही शब्द दोन तऱ्हांनी लिहिले जातात, काही शब्दांतल्या 'i' आणि 'u' या अक्षरांवरची टोपी (^) ऐच्छिक झाली आहे. एका वर्गात दोन काळची पुस्तकं असली की मुलं हमखास विचारतात, "यातलं बरोबर कोणतं?" दोन्ही बरोबर, हे आधीच सांगून ठेवावं.

2015 मध्ये एका पुरवठादाराकडून अख्ख्या तुकडीची पुस्तकं उत्तरांच्या पुस्तिकेशिवाय आली. या पुस्तकांची उत्तरं बऱ्याचदा वेगळी विकली जातात. पुस्तिका हातात पडेपर्यंत दिवाळी उजाडली. तोवर मी रात्री बसून उत्तरं तयार केली. त्यांतली दोन चुकली होती आणि एका विद्यार्थ्यानं ती दाखवून दिली. तेव्हापासून उत्तरं हातात आल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही.

पुस्तक फ्रेंचमधलंच ठेवायचं आणि मराठी मुलांना जिथे आधार हवा तिथे आपण द्यायचा, हे हळूहळू पक्कं झालं. 2017 मध्ये नारायण पेठेतल्या एका छापखान्यातून आमची 32 पानांची मराठी पुस्तिका निघाली. तिच्यातलं भूतकाळाचं पान मला सगळ्यात प्रिय आहे, कारण ते एका आजींमुळे सुचलं. त्यांचा मुलगा फ्रान्समध्ये लिऑंला असतो, नातवंडांशी बोलायला म्हणून वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्या वर्गात आल्या. 'ज स्वी आरिवे' लिहिताना बाईनं शेवटी एक जादा 'e' लावायचा, असं सांगताच त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आले. हे म्हणाले असते, मी आलो." बाकी वर्ग अजून विचारात होता. पुढे 'जे मांजे', म्हणजे 'मी खाल्लं' आलं, तिथे बाईपुरुष दोघांना एकच रूप. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं, "मी पोळी खाल्ली, त्यांनीही खाल्लीच."

तिथे मी त्यांना थोडं थांबवलं. मराठीत खाल्ली हे पोळीप्रमाणे नेहमीच बदलतं. फ्रेंचमध्ये ते पोळी आधी आली तरच बदलतं, 'मी खाल्लेली पोळी' अशा रचनेत. शिवाय 'मी जेवले' आणि 'मी जेवलो' हा फरक तिकडे चालत नाही, 'जे दिने' दोघांचं सारखंच. साम्य कुठपर्यंत चालतं आणि कुठे तुटतं, हे दोन्ही त्या पानावर शेजारी शेजारी छापलं आहे.

2020 मध्ये वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा पुस्तकाची पीडीएफ मागणारे खूप आले. चोरीची पीडीएफ आम्ही दिली नाही. परवानगीनं भारतात छापलेल्या आवृत्त्या परदेशी आवृत्तीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात, त्या कुरिअरनं घरोघर पाठवल्या. आज आमच्या तीन तुकड्या चालतात आणि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोघीही याच वर्गातून तयार झाल्या आहेत.

सध्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती हातात आहे. नकारानंतरच्या 'द'चं पान पुन्हा लिहिते आहे, कारण गेल्या तुकडीतली निम्मी मुलं 'मी मांस खात नाही' या वाक्यात अजून अडखळली.